मिग-२१ निवृत्त झालं. आता चौथऱ्यावर उभं करायचं तर नीट कसं करायचं?

गोदाकाठ

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने हे विमान पहिल्यांदा सेवेत घेतलं तेही चंदीगडलाच. बासष्ट वर्षं एका लढाऊ विमानाने सलग सेवा दिली.

नाशिकचा या विमानाशी संबंध प्रेक्षकाचा नाही, कारागिराचा आहे. नाशिकजवळचा ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये मिग बांधण्यासाठीच उभा राहिला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि आदल्याच वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार मिळून साडेसहाशेहून जास्त मिग-२१ देशात बांधली गेली. पुढे सव्वाशे बिसचं 'बायसन' (सुधारित प्रकार) करण्याचं कामही ओझरलाच झालं. गावाला आजही लोक 'ओझर मिग'च म्हणतात.

आता निवृत्त सांगाडे मिळावेत म्हणून शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालयं, नगरपालिका अर्ज करतील. अर्ज हवाई दलाच्या मुख्यालयाकडे जातो. वाहतूक, चौथरा आणि पुढची देखभाल हा खर्च मागणाऱ्याने स्वतःचा धरून चालावं. खरी अडचण विमान आल्यावर सुरू होते. देशभर चौकाचौकांत उभी असलेली जुनी विमानं बघा: काच पिवळी, टायर बसलेले, पंखाच्या सांध्यातून पांढरी भुकटी गळतेय, इंजिनाच्या तोंडात कबुतरं. ज्या जिल्ह्यात हे विमान बांधलं गेलं तिथे तरी असं होऊ नये. म्हणून हा धागा. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

डेल्टा_५७

धाग्याबद्दल आभार. पहिलं काम म्हणजे आलेलं विमान नेमकं कोणतं ते ओळखणं. रंग, शस्त्रं, माहितीफलक सगळं त्यावर ठरतं आणि चुका तिथेच होतात.

एफएल, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७: पाठीचा कणा बारीक. दोन्ही पंखांखाली मिळून दोनच पायलन, म्हणजे शस्त्रं किंवा टाक्या टांगायचे आधार. कॉकपिटचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, पुढची काच झाकणाबरोबरच उचलली जाते. आत बसवलेली तोफ नाही. हे विमान डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडाला निवृत्त झालं.

एम, म्हणजे टाइप ८८: चार पायलन, पोटाखाली जीएसएच-२३ ही दुनळी तोफ, कणा जाड. झाकण उजवीकडे उघडतं, पुढची काच जागेवर राहते.

बिस, म्हणजे टाइप ७५: कणा सगळ्यात फुगीर, कारण त्यात इंधनाची टाकी आहे. इंजिन आर-२५.

बायसन: बिसचाच सांगाडा, पण पुढची काच एकसंध, मधल्या पट्ट्या नाहीत. शेपटीवरच्या क्रमांकाआधी 'सीयू' अक्षरं. आत कोप्यो रडार होतं.

शस्त्रांच्या प्रतिकृती लावायच्या असतील तर त्या त्या प्रकाराला शोभतील अशाच लावा. एफएलच्या पंखाखाली आर-७३ क्षेपणास्त्र टांगलं तर ते सरळ चुकीचं आहे. एफएलला के-१३ क्षेपणास्त्रं किंवा ५७ मिमी रॉकेटचे पॉड शोभतात. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी अशाच रॉकेटांनी मारा केला होता. आर-७३ आणि आर-७७ फक्त बायसनला.

पाना_१४

विमान ताब्यात घेण्याआधी ते 'निर्धोक' केल्याचा लेखी दाखला मागा. तोंडी आश्वासनावर ट्रेलर भरू नका. निदान एवढ्या गोष्टी दाखल्यात हव्यात:

१. इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. एम, बिस, बायसनमध्ये केएम-१ मालिकेची सीट आहे. तिच्यात स्फोटक काडतुसं आणि रॉकेट मोटर असते. झाकण उडवणारी काडतुसं वेगळी. ही सगळी काढलेली हवीत. सीटच्या हँडलला लाल पिन लावली म्हणजे झालं, असं नाही.

२. पायलनमधली काडतुसं. टाकी किंवा बॉम्ब सोडण्यासाठी ती असतात आणि नेमकी तीच राहून जातात.

३. तोफ काढलेली किंवा कायमची निकामी केलेली.

४. दाबाखालच्या बाटल्या. या विमानाचे चाकाचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे हवेच्या बाटल्या आहेत. शिवाय ऑक्सिजनच्या बाटल्या, अग्निशामक बाटली आणि हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन. सगळ्यांचा दाब शून्यावर आणलेला हवा.

५. सिल्व्हर-झिंक बॅटऱ्या. आतलं द्रावण दाहक पोटॅशचं असतं. गळलं तर अ‍ॅल्युमिनियम खातं, हात भाजतो.

६. द्रवपदार्थ. इंधन, इंजिन ऑइल, लाल रंगाचं एएमजी-१० हायड्रॉलिक तेल आणि पुढच्या काचेवर फवारण्याच्या स्पिरिटची छोटी टाकी. टाक्या नुसत्या रिकाम्या करून भागत नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. झाकणं उघडी ठेवून हवा खेळवायची आणि गॅस-मीटरने तपासल्याशिवाय जवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग नाही. काढलेलं तेल नाल्यात सोडू नका, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संकलकालाच द्या.

७. कॉकपिटमधले जुने डायल. सोव्हिएत बनावटीच्या जुन्या उपकरणांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असू शकतो. किरणोत्सार-मापकाने तपासून घ्या. असे डायल काढून त्या जागी छापील चित्र लावा. काच फोडून, खरवडून रंग काढायचा प्रयत्न कधीही करू नका, भुकटी श्वासात जाते.

अंजनेरी

पाना_१४, उत्तम यादी. एक शंका. काडतुसं काढल्यावर सीट आत ठेवावी का? मुलांना आत बसू द्यायचं असेल तर?

पाना_१४

सीट ठेवायला हरकत नाही. पण मुलांना आत बसू देऊ नका. कारण धोका हे नाही, झीज हे आहे. झाकण सतत उघडबंद केलं की त्याचं रबरी सील फाटतं आणि पहिल्याच पावसात कॉकपिटची टाकी होते. झाकण कायमचं बंद करा, सांध्यात सीलंट भरा आणि शेजारी उंच पायरी बांधून आत डोकावायची सोय करा. कॉकपिटच्या तळाला पाणी निघायला भोक मात्र हवंच.

लोबेड

वाहतुकीबद्दल. पंखाचा पसारा ७.१५ मीटर, त्यामुळे अखंड विमान रस्त्याने नेणं शक्य नाही. शेपटीची उंची सुमारे ४.१ मीटर. ट्रेलरच्या पाट्याची उंची धरली की पाच मीटरच्या वर जातं आणि तारांना, पुलांना अडतं.

हे विमान उघडण्यासाठीच बांधलेलं आहे, याचा फायदा घ्या. इंजिन काढण्यासाठी मागचा सांगाडा २८ क्रमांकाच्या फ्रेमपाशी (फ्रेम म्हणजे सांगाड्याची आडवी कडी) सुटतो. बोल्ट काढायचे, आतल्या नळ्या, वायरी आणि कंट्रोल रॉड सोडवायचे, मग मागचा भाग ट्रॉलीवर सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला तर इंजिनाच्या जेटपाइपला घासतो. पंख त्यांच्या जोडांवर सुटतात. हे काम विमान जिथे आहे तिथल्या तंत्रज्ञांकडूनच करून घ्या. गॅस कटरने पंख कापून आणलेली विमानं पुन्हा कधीच सरळ दिसत नाहीत.

बोल्ट जोडानुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर जोडाचं नाव लिहा. नाकावरची लांब पिटोट नळी (हवेतला वेग मोजणारी) आधी काढून वेगळी बांधा, कारण सगळ्यात आधी तीच वाकते. नाकातला शंकू फायबरचा आहे, त्यावर दोर टाकू नका.

उचलायला दोन हायड्रा क्रेन हव्यात, एकावर भागवू नका. रुंद पट्टे वापरा, साखळी नको. पट्टा फ्रेमच्या रेषेवर बसवा. दोन फ्रेममधल्या पत्र्यावर बसला तर पत्रा आत जातो आणि ती खोक पुट्टीने झाकावी लागते. इंजिनाचं वजन सुमारे १२०० किलो. ते आत आहे की नाही हे आधी विचारा. नसेल तर विमानाचा तोल पुढे सरकलेला असतो. रडार आणि सीट काढली असेल तर उलट. जुन्या पुस्तकातला गुरुत्वमध्य धरून पट्टे लावले तर विमान हवेत झुकतं.

कोठुरे

आता चौथरा. लोकांना खांबावर, नाक वर केलेलं, झेप घेणारं विमान आवडतं. दिसतं छान, पण हिशेब बघा.

नाशिकसाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. दाब = ०.६ × ३९ × ३९, म्हणजे सुमारे ९१० न्यूटन प्रति चौरस मीटर. पंखाचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. गुणांक १ धरला तर वर उचलणारं बल सुमारे २१ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त. आडव्या वाऱ्याला सांगाडा आणि शेपूट मिळून साधारण २० चौरस मीटर बाजू मिळते. तिथे १८ किलोन्यूटन. विमान पाच मीटर उंचीवर असेल तर खांबाच्या पायथ्याशी ९० किलोन्यूटन-मीटरचा आघूर्ण, म्हणजे उलथवणारा जोर. हे कच्चे आकडे आहेत. उंची, भूभाग, झुळुकीचे गुणक लावून संरचना अभियंत्याने सही केल्याशिवाय पाया खणू नये. काळ्या मातीत तर नाहीच. निफाड, सिन्नर पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो.

खांबाचं डोकं पत्र्याला जोडायचं नाही. भार मजबूत फ्रेम, जॅक लावायच्या जागा आणि पायलनचे जोड इथेच द्यायचा. पोलादी ब्रॅकेट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा यांच्यात निओप्रीन रबराची पट्टी हवी. बोल्ट स्टेनलेसचे, सीलंटमध्ये बुडवून बसवलेले. दोन धातू थेट टेकले आणि मध्ये पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. बाहेरून काही दिसत नाही आणि पाचसहा पावसाळ्यांनी ब्रॅकेटभोवतीचे रिव्हेट सैल झालेले सापडतात.

माझं स्पष्ट मत: चाकांवर उभं करा. मिग-२१ ची बसण्याची ढबच वेगळी आहे, ती जमिनीवरच नीट कळते. तपासणीही शिडीने होते, दर वेळी क्रेन लागत नाही.

अंजनेरी

चाकांवर सहमत. पण टायर बसतात, विमान एका बाजूला कलतं, त्याचं काय?

कोठुरे

टायरवर भार ठेवायचाच नाही. मागचे टायर ८०० × २०० मिमी, पुढचा ५०० × १८०. तिन्ही अ‍ॅक्सलखाली पोलादी घोडी बनवा, चाक जमिनीपासून पाचेक मिमी उचललेलं. टायरमधली हवा जवळजवळ काढून टाका, आकार राहील इतपतच ठेवा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधला नायट्रोजन हळूहळू गळतो आणि विमान एकीकडे झुकतं, म्हणून दाब काढून चकचकीत दांड्यावर दोन अर्धगोल कॉलर बसवा. कॉलरची लांबी तिन्ही ठिकाणी मोजून घ्या, म्हणजे उभं राहताना नाक योग्य उंचीवर राहील. चाकाचे धातूचे भाग मॅग्नेशियम मिश्रधातूचे असू शकतात. त्यांच्यावर ठिणगी पडू देऊ नका, पाणी साचू देऊ नका.

सातपूर_पेंट

रंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात.

क्षेत्रफळ: पंखांच्या दोन्ही बाजू, सांगाडा, शेपूट धरून १०० ते ११० चौरस मीटर. पॉलियुरेथेनचा एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर झाकतो. दोन हातांना २२ लिटर, फवाऱ्याची तीस टक्के उडाउडी धरून २८ ते ३० लिटर. इपॉक्सी प्रायमर एका हाताला १४-१५ लिटर. पायापेक्षा रंग स्वस्त आहे. इथे घरगुती ऑइलपेंट मारून बचत करू नका, दोन उन्हाळ्यांत त्याचा खडू होतो.

क्रम: आधी साबणाच्या पाण्याने धुणं. मग सॉल्व्हंटने तेल काढणं, विशेषतः पोटाकडे, जिथे हायड्रॉलिक तेल झिरपलेलं असतं. तिथे प्रायमर धरत नाही आणि पापुद्रे निघतात. सैल रंग नायलॉन पॅडने काढा. वाळूचा मारा नको, पत्रा लाटेसारखा होतो. तारेचा ब्रश किंवा स्टीलवूलही नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. जुना पिवळट हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो. तो कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. चांगला मास्क घाला, धुतलेलं पाणी गोळा करा. उघड्या धातूवर एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला हात), त्यावर इपॉक्सी, त्यावर पॉलियुरेथेनचे दोन हात.

हवामान: जून ते सप्टेंबर काम बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण निफाडच्या बाजूला थंडीत पारा एक आकड्यावर उतरतो आणि पत्र्यावर दव येतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं. व्यवहारात सकाळी दहा ते दुपारी चार. वाऱ्याच्या दिवशी नाही.

झाकणाची काच अ‍ॅक्रिलिकची आहे. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचा ग्लास क्लीनर लागला की बारीक तडे जातात आणि ते परत निघत नाहीत. काम सुरू करायच्या आधी काचेवर कागद आणि टेप, एरवी फक्त साबणपाणी आणि मऊ सुती फडकं. उन्हाने पिवळी पडू नये म्हणून मार्च ते मे पांढऱ्या कापडाचं आवरण घाला.

डेल्टा_५७

सातपूर_पेंट, एक भर. रंगायच्या आधी जुन्या खुणांचे फोटो आणि मापं घ्या. पत्र्यावरच्या छोट्या सूचना, उचलण्याच्या जागांच्या खुणा, क्रमांकाची उंची, सगळं. रंग एकदा चढला की ते परत मिळत नाही, आणि अंदाजाने काढलेलं हवाई दलाचं वर्तुळचिन्ह लांबूनही चुकलेलं कळतं.

आग्यामोहोळ

पक्षी आणि पाणी. नाकाचं तोंड आणि मागचा जेटपाइप या दोन गुहा आहेत. कबुतरं, मधमाश्या तिथेच येतात. विष्ठा आम्लधर्मी असते, अ‍ॅल्युमिनियम खाते. स्टेनलेसची बारीक जाळी, काळा रंग देऊन, तोंडापासून हातभर आत बसवा, म्हणजे बाहेरून दिसत नाही. बंद झाकण लावू नका, हवा खेळली पाहिजे. दिवसा तापलेला सांगाडा रात्री गार होतो आणि आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर बसतं. पाऊस न पडताही आत पाणी साचतं ते असं.

नाशिक शहरात पाऊस बेताचा, पण इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला कितीतरी पट जास्त. तिकडे उभं करायचं असेल तर वर छप्पर धराच.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. माहितीफलकाबद्दल एक प्रश्न. अपघातांमुळे मिग-२१ ला चिकटलेला 'उडती शवपेटी' हा शब्द फलकावर येऊ द्यायचा का? अपघातांचा उल्लेख टाळणंही बरोबर वाटत नाही.

डेल्टा_५७

उल्लेख जरूर हवा, पण आकडा आणि कारण दोन्ही नीट. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की ८७२ मिगपैकी ४८२ चे अपघात झाले, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेले. हा आकडा सगळ्या मिग प्रकारांचा होता. तो एकट्या मिग-२१ च्या नावावर सर्रास टाकला जातो.

कारणं विमानाच्या रचनेतच बघायला हवीत. २३ चौरस मीटरचा, ५७ अंश मागे झुकलेला त्रिकोणी पंख. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी बांधलं होतं, सावकाश उतरण्यासाठी नाही. उतरण्याचा वेग ताशी ३०० किमीच्या वर. तो थोडा कमी करायला नंतरच्या प्रकारांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरची हवा फ्लॅपवरून (पंखाच्या मागच्या झडपांवरून) फुंकण्याची सोय होती. पण याचा अर्थ उचल इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. वैमानिकाने धावपट्टीआधीच थ्रॉटल मागे घेतला की हवा थांबते, उचल एकदम पडते आणि विमान खाली बसतं. परत थ्रॉटल दिला तरी त्या काळातलं इंजिन फेऱ्या घ्यायला कित्येक सेकंद लावतं. इंजिन एकच, त्यामुळे पक्षी आत गेला तर दुसरा आधार नाही. केएम-१एम सीट जमिनीलगत सुटायला ताशी १३० किमी वेग लागतो.

यात प्रशिक्षणाची दरी मिळवा. साध्या जेट ट्रेनरवरून तरुण वैमानिक थेट या विमानावर येत होते. मधली पायरी असलेलं हॉक २००८ मध्ये सेवेत आलं. एवढं चार ओळींत लिहिलं तर शवपेटी हा शब्द लागत नाही, आणि गेलेल्या वैमानिकांचाही मान राहतो.

लोबेड

फलकावर ओझर, कोरापुट, हैदराबाद ही तिन्ही नावं यावीत. सातपूर-अंबडच्या लघुउद्योगांना विमानाच्या सुट्या भागांची अचूकता याच कारखान्यामुळे शिकावी लागली. तिथे मिगनंतर सुखोई-३० आलं आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस एमके-१ए ची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली. तेही एका ओळीत येऊ शकतं.

पाना_१४

शेवटचं, देखभालीचं. वर्षातून दोन वेळा, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात.

मेमध्ये सगळी निचरा-भोकं तारेने मोकळी करा. सांगाड्याच्या सगळ्यात खालच्या जागी, प्रत्येक बंद कप्प्यात एक, ६ ते ८ मिमीचं. भोक दोन फ्रेमच्या मध्ये, रिव्हेटच्या ओळीपासून लांब पाडा आणि कडेला प्रायमर लावा. पंखाखालच्या आणि पोटाखालच्या टाक्या विसरू नका. ८०० लिटरची टाकी पाण्याने भरली तर आठशे किलोचा भार एका पायलनवर लटकतो. तिच्या तळाला दोन भोकं, पुढे एक आणि मागे एक, कारण विमान किंचित कललेलं असेल तर एका भोकातून निचरा पुरा होत नाही.

ऑक्टोबरात गोडं पाणी मारून धुवा, पांढरी भुकटी कुठे दिसते ते आराखड्यावर खूण करून ठेवा. पुढच्या वर्षी तीच खूण मोठी झाली असेल तर तो पत्रा उघडून आतून बघा. वरून रंग मारू नका.